पान उघडेपर्यंतचा वेळ

वेबवरचे पान लवकर उघडावे यासाठी जी खटपट केली जाते, तिच्याविषयीचा सर्वसाधारण समज असा असतो की, सारे काही इंटरनेटच्या वेगावर अवलंबून आहे आणि तो वेग वाढला की ब्राउझरही आपसूक चपळ होईल. या कामात मुरलेल्या माणसाची समजूत मात्र हळूहळू बदलत जाते. दुव्यावर बोट टेकल्यापासून पहिली ओळ वाचता येईपर्यंत जो काळ जातो, त्याचे तुकडे पाडून मोजमाप केले की त्यातला थोडाच भाग माहितीच्या प्रत्यक्ष वाहतुकीचा निघतो आणि उरलेला बहुतेक काळ कोणीतरी कोणाच्यातरी उत्तराची वाट पाहण्यात गेलेला असतो. या वाट पाहणाऱ्यांत ब्राउझर असतो, सर्व्हर असतो, मधली यंत्रणाही असते. पण त्या सर्वांच्या खोळंब्याचा भार शेवटी वाचकावर पडतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये प्रतीक्षेच्या तीन मर्यादा मांडल्या होत्या. एक दशांश सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. यंत्रे बदलली, जाळी बदलली, पण माणसाच्या या मर्यादा जिथे होत्या तिथेच आहेत.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी संबंध आला तो मराठी मजकुराच्या संकेतस्थळांमुळे. बातम्या, लेख, दिवाळी अंकांतले साहित्य असा जो मजकूर मोबाइलवर वाचला जातो, त्याची पाने जड का होतात आणि ती हलकी कशी करता येतील, हे पाहण्यात नोकरीचा मोठा काळ गेला. त्या कामातून जे कळले ते इथे नोंदवायचे आहे. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण वेग वाढवण्याचे जे उपाय आज नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना शिकवले जातात, त्यांतल्या अनेकांची मुळे जुन्या फसलेल्या उपायांत आहेत.

फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली आणि थोड्याच काळात संगणकाची हौस असलेल्या लोकांत एक तोडगा हातोहात पसरला. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ असे लिहिले की ब्राउझरच्या अंतर्गत व्यवस्थेची शेकडो कलमे समोर येत आणि त्यांतली दोन-तीन बदलली की पाने भराभर उघडू लागतात, असे तो तोडगा सांगत असे. त्यातले मुख्य कलम पाइपलायनिंगचे होते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संभाषणाचा जो संकेत एचटीटीपी या नावाने ओळखला जातो, त्याच्या साध्या रूपात ब्राउझर एक वस्तू मागतो, ती पूर्ण हाती येईपर्यंत थांबतो आणि मगच त्या जोडणीवरून दुसरी मागतो. पाइपलायनिंगमध्ये तो उत्तरासाठी न थांबता पुढच्या मागण्या लागोपाठ रवाना करतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ठरलेल्या एचटीटीपी १.१ या संकेतात ही सोय होती. त्याच संकेताने एका सर्व्हरशी एका वेळी दोनाहून अधिक जोडण्या ठेवू नयेत असेही सुचवले होते. त्यामुळे ज्या पानावर चाळीस लहानमोठी चित्रे आहेत, ते पान दोन चिंचोळ्या वाटांनी एकेक वस्तू ओढत बसे आणि तोडगा सांगणाऱ्याला हे बसणे खटकत असे. एका वेळच्या मागण्यांची संख्या तीस करावी, असा त्याचा आग्रह असे. त्या काळच्या फायरफॉक्समध्ये आठाच्या पुढचा आकडा मानलाच जात नव्हता, हे तो तोडगा वापरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नव्हते.

पाइपलायनिंग का फसले, हे समजून घेणे या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाचे आहे. मागण्या एकापाठोपाठ पाठवता येत असल्या तरी उत्तरे त्याच क्रमाने परत यावीत, असे त्या संकेताचे बंधन होते. रेशनच्या दुकानात पुढच्या माणसाच्या कार्डात घोळ निघाला की त्याच्यामागे ज्यांना नुसती साखर हवी आहे तेही अडकून पडतात, तसे एखादी मोठी किंवा सर्व्हरवर सावकाश तयार होणारी वस्तू रांगेत पुढे आली की तिच्यामागच्या सगळ्या लहान वस्तू खोळंबत. त्यात भर म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसलेली अनेक मध्यस्थ यंत्रे ही पद्धत नीट पाळत नसत आणि मग एका चित्राच्या जागी दुसरे चित्र येणे किंवा पान अर्धवट राहणे असे प्रकार घडत. म्हणूनच फायरफॉक्सच्या कर्त्यांनी ती सोय मुळात बंद ठेवलेली होती आणि २०१७ मध्ये ती काढूनच टाकली. त्या तोडग्यातले दुसरे कलम पहिल्या रंगकामाच्या विलंबाचे होते. पानाचा पुरेसा भाग हाती आल्याशिवाय पडद्यावर काही रंगवू नये म्हणून ब्राउझर मुद्दाम २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद थांबत असे, आणि तो विलंब शून्य करावा असे सांगितले जाई. तसे केल्यावर काहीतरी लवकर दिसू लागे हे खरे. पण अपुऱ्या मजकुरावर मांडणी करून ती पुन्हा पुन्हा मोडावी लागल्याने संपूर्ण पान तयार व्हायला उलट अधिक वेळ लागे.

या तोडग्याची हेटाळणी करणे सोपे आहे, पण प्रस्तुत लेखकाला ते योग्य वाटत नाही. वाहतुकीपेक्षा खोळंबा मोठा आहे, ही त्यामागची जाणीव अगदी अचूक होती. चूक एवढीच होती की एकट्या वाचकाने आपल्या बाजूची कळ फिरवून तो खोळंबा दूर होण्यासारखा नव्हता. पुढे २००८-०९ च्या सुमारास ब्राउझरांनी दोन जोडण्यांची मर्यादा झुगारून एका सर्व्हरशी सहा जोडण्या उघडायला सुरुवात केली, तीही अपुरी पडली म्हणून संकेतस्थळे आपली चित्रे निरनिराळ्या उपनामांच्या सर्व्हरांवर विभागून ठेवू लागली आणि अखेर मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ हा संकेत प्रसिद्ध झाला. त्यात एकाच जोडणीवरून अनेक वस्तूंचे तुकडे सरमिसळ करून पाठवता येतात आणि प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या वस्तूचा आहे याची खूण असते, त्यामुळे उत्तरांच्या क्रमाचे बंधन उरत नाही. तोडगा सांगणाऱ्यांना जे हवे होते ते मिळाले, पण ते मिळण्यासाठी दोन्ही टोकांना एकच नवा करार करावा लागला.

त्याच काळातला दुसरा एक तोडगा मराठी वाचकाच्या अधिक जवळचा होता. ऑपेरा मिनी हा ब्राउझर साध्या जावा फोनवरही चालत असे, कारण तो मूळ पान स्वतः आणत नसे. कंपनीचे सर्व्हर ते पान आणून, त्याची मांडणी करून, आक्रसून फोनकडे पाठवत. जीपीआरएसच्या मंद जोडणीवर हा फार मोठा दिलासा होता. मात्र त्या फोनमध्ये देवनागरीचा टंक नसल्याने मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. त्यावर ‘ऑपेरा:कॉन्फिग’ उघडून एक कलम चालू करायचे असे, की मग ते सर्व्हर गुंतागुंतीच्या लिप्यांतील मजकूर अक्षरांऐवजी चित्रांच्या रूपात पाठवत. पान थोडे जड होई, पण वाचता येई. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी पान कितीही लवकर उघडले तरी त्याचा उपयोग नाही, हे या एका कलमाने जितके स्पष्ट केले तितके नंतरच्या अनेक पाठ्यपुस्तकांनीही केलेले नाही.

आता अंतराकडे वळले पाहिजे, कारण या सगळ्या व्यवहाराचा पाया तिथे आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला किमान सव्वाशे मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत यंत्रेही असतात, म्हणून प्रत्यक्षात ही फेरी दोनशे मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहून वर जाते. कितीही पैसा खर्च केला तरी प्रकाश अधिक वेगाने धावणार नाही. ज्याला इंग्रजी व्यवहारात लेटन्सी म्हणतात तो हाच फेरीचा विलंब, आणि बँडविड्थ म्हणजे एका वेळी किती माहिती वाहून नेता येते ती रुंदी. जाहिरातींत विकली जाते ती रुंदी आणि वाचकाला जाणवतो तो बहुतेक वेळा विलंब.

या विलंबाचा गुणाकार कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले बर्कली विद्यापीठ यांच्यातील जोडणी इतकी तुंबली की तिचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्या कोंडीचा अभ्यास करून १९८८ मध्ये जे उपाय मांडले, त्यांपैकी एक असा होता की, नव्या जोडणीवर सुरुवातीला थोडीच पाकिटे पाठवावीत आणि ती पोचल्याची पावती येत जाईल तसतसे प्रमाण वाढवावे. माहितीची पाकिटे बिनचूक पोचवण्याची जबाबदारी घेणारा टीसीपी हा संकेत आजही त्याच सावधगिरीने चालतो. २०१३ मध्ये मान्य झालेल्या सुधारणेनुसार पहिल्या फेरीत दहा पाकिटे पाठवता येतात, म्हणजे सुमारे १४ किलोबाइट. दुसऱ्या फेरीत वीस, तिसऱ्या फेरीत चाळीस. शंभर किलोबाइटच्या मजकुराला अशा तीन फेऱ्या लागतात. त्याआधी ओळख पटवण्याची एक फेरी टीसीपीची असते आणि गुप्ततेची बोलणी करणाऱ्या टीएलएस या संकेताची जुन्या पद्धतीत आणखी दोन फेऱ्यांची, तर २०१८ च्या १.३ या आवृत्तीत एका फेरीची. म्हणजे नव्या पद्धतीतही पाच फेऱ्या झाल्या. सर्व्हर अमेरिकेत असेल तर या पाच फेऱ्यांचा एक सेकंद होतो; तोच मुंबईत असेल आणि फेरी तीस मिलिसेकंदांची असेल तर दीडशे मिलिसेकंदांत काम उरकते. या हिशेबात जोडणीची रुंदी कुठेही आलेली नाही, आणि नेमक्या याच कारणाने नवा महागडा प्लॅन घेऊनही पान पूर्वीइतकेच रेंगाळते, अशी तक्रार वाचक करतात तेव्हा ती रास्त असते.

भारतापुरते बोलायचे तर या बाबतीत परिस्थिती खूप सुधारली आहे. देशातल्याच दोन सेवादात्यांमधली देवाणघेवाण पूर्वी अनेकदा परदेशातून वळसा घालून होत असे. २००३ मध्ये निक्सी ही देशांतर्गत विनिमय केंद्रांची संस्था उभी राहिली आणि तो वळसा कमी होऊ लागला. २०१६ मध्ये ॲमेझॉनने आणि २०१७ मध्ये गूगलने आपली क्लाउड केंद्रे मुंबईत सुरू केली. तरीही एखाद्या मराठी संकेतस्थळाचे मुख्य पान मुंबईच्या सर्व्हरवर आणि त्यातला टंक, जाहिरात, वाचकगणनेची स्क्रिप्ट मात्र जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारी, असे चित्र वरचेवर दिसते, आणि मग जवळच्या सर्व्हरचा सगळा लाभ दूरच्या पाहुण्यांच्या वाट पाहण्यात खर्ची पडतो.

मराठी मजकूर जड असतो म्हणून मराठी पाने सावकाश उघडतात, असे एक कारण पूर्वी सांगितले जाई आणि अजूनही कानावर येते. त्याची तपासणी करणे आवश्यक आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन; ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणून त्याला तीस बाइट लागतात. हे खरे असले तरी देवनागरीच्या चिन्हांचा पहिला बाइट नेहमी तोच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो, आणि पुनरावृत्ती हेरून माहिती आक्रसण्याच्या जीझिप किंवा ब्रॉटली या पद्धती नेमकी अशीच पुनरावृत्ती पिळून काढतात. हजार शब्दांचा मराठी लेख मुळात वीस किलोबाइटच्या आसपास भरतो आणि आक्रसल्यावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. याचा अर्थ असा की लेखकाने लिहिलेला सगळा लेख टीसीपीच्या पहिल्याच फेरीत, त्या १४ किलोबाइटांत, बसून वर जागा उरते. वाचक जो खोळंबतो तो लेखामुळे नव्हे; लेखाभोवती जे रचले आहे त्यामुळे.

ते काय रचले आहे हे पाहण्याचे साधन संगणकावरच्या प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्येच असते. विकसकांसाठी दिलेल्या चौकटीत ‘नेटवर्क’ असा एक भाग आहे आणि त्यात प्रत्येक वस्तूसाठी एक आडवी पट्टी दिसते. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि पट्ट्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातात, म्हणून त्या आलेखाला वॉटरफॉल म्हणतात. नवखा माणूस त्यात सर्वांत लांब पट्टी शोधतो. अनुभवी माणूस पट्ट्यांच्या सुरुवातीकडे पाहतो: अमुक वस्तू एवढ्या उशिरा का मागितली गेली, तिची गरज आहे हे ब्राउझरला आधी का कळले नाही? टंकाच्या बाबतीत हा प्रश्न फार बोलका ठरतो. ब्राउझर आधी पानाचा एचटीएमएल सांगाडा आणतो, त्यात रूपसज्जेच्या सीएसएस फाइलचा उल्लेख सापडतो, ती आणून वाचल्यावर त्यात टंकाचा पत्ता मिळतो आणि तो टंक लागणारा मजकूर पानावर खरोखर आहे अशी खात्री झाल्यावरच टंक मागवला जातो. तीन टप्प्यांची ही साखळी आहे आणि टंक परक्या सर्व्हरवर असेल तर नाव शोधण्यापासून गुप्ततेच्या बोलण्यांपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या तिसऱ्या टप्प्यावर नव्याने कराव्या लागतात. त्या काळात बहुतेक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत अक्षरे अदृश्य ठेवतात. मजकूर फोनमध्ये येऊन पडलेला आहे, फोनमध्ये देवनागरीचा चांगला टंकही आहे आणि तरी वाचकासमोर पांढरे पान आहे, असा हा प्रसंग मराठी संकेतस्थळांवर पुन्हा पुन्हा पाहायला मिळाला.

उपाय अवघड नाही. टंक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा, सांगाड्यातच त्याची आगाऊ सूचना द्यावी, आणि टंक येईपर्यंत फोनमधल्या टंकात मजकूर दाखवावा अशी आज्ञा सीएसएसमध्ये लिहावी. टंक बदलताना ओळी खालीवर उड्या मारू नयेत म्हणून तात्पुरत्या टंकाचा आकार मूळ टंकाशी जुळवून घेण्याचीही सोय आता आहे. याउपर टंकाची फाइल कातरून लहान करण्याचे काम उरते आणि तिथे मात्र देवनागरी जाणणारा माणूसच हवा. रोमन टंकातून नको ती अक्षरे वगळली की काम झाले; देवनागरी टंकात दिसणाऱ्या अक्षरांमागे जोडाक्षरांचे कित्येक शे आकार आणि ते केव्हा वापरायचे हे सांगणारे नियमांचे तक्ते असतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक ज्या ‘ऱ’ मुळे किंवा न दिसणाऱ्या जोडचिन्हामुळे होतो, ती चिन्हे कातरताना गळली तर त्या जागी दुसऱ्याच टंकातला तुकडा येऊन बसतो अथवा जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या याद्यांवरून कातरलेल्या टंकात तो नसतोच. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळवायचे तर पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद आणि टंकातला त्याविषयीचा तक्ता, दोन्ही शाबूत राहावे लागतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका संकेतस्थळावर टंक निम्म्याने हलका झाला म्हणून सगळे समाधानी होते आणि मथळ्यांतला प्रत्येक ‘ऱ्या’ मात्र वेगळ्याच जाडीचा दिसत होता. वेगासाठी लिपीचा बळी देण्याची काहीच गरज नसते. अशा अवघड शब्दांची एक लहान यादी करून प्रत्येक कातरणीनंतर ती डोळ्यांनी तपासली तरी पुरते.

टंकाखालोखाल जड वाटा स्क्रिप्टचा असतो. जावास्क्रिप्ट नुसती उतरवून भागत नाही. ब्राउझरला ती वाचावी, यंत्राच्या भाषेत बदलावी आणि चालवावी लागते, आणि हे काम तो ज्या मुख्य धाग्यावर करतो त्याच धाग्यावर पान रंगवणे आणि बोटाच्या हालचालींना उत्तर देणे ही कामेही असतात. कार्यालयातल्या लॅपटॉपवर जी स्क्रिप्ट चुटकीसरशी संपते, ती स्वस्त फोनवर कितीतरी पट वेळ घेते आणि तेवढा वेळ पान दिसते पण हलत नाही. सांगाड्याच्या मध्येच साधी स्क्रिप्ट आली की ती चालून होईपर्यंत पुढचे वाचनही थांबते. ब्राउझरांनी २००८ नंतर यावर एक सुंदर उपाय केला, तो असा की मुख्य वाचक अडकला असताना एक हलका शोधक पुढचा मजकूर भराभर चाळून पुढे लागणाऱ्या वस्तू आधीच मागवून ठेवतो. पण या शोधकाला सांगाड्यात स्पष्ट लिहिलेलेच दिसते. जे चित्र स्क्रिप्ट चालल्यावर पानात घातले जाते ते त्याला दिसू शकत नाही, आणि पानाच्या माथ्यावरच्या मुख्य चित्रालाही ‘गरज पडेल तेव्हाच आण’ अशी आळशी खूण सरसकट लावून ठेवलेली असेल तर ब्राउझर ती आज्ञा इमानाने पाळून तेच चित्र उशिरा आणतो.

स्क्रिप्ट वाढतात कशा, हा तंत्रापेक्षा कार्यालयाचा प्रश्न आहे. जाहिरात विभागाला एक टॅग, म्हणजे पानात घालायचा स्क्रिप्टचा तुकडा, हवा असतो, वाचकगणना करणाऱ्यांना दुसरा, विपणनाला तिसरा. प्रत्येक टॅग स्वतःपुरता लहान असतो, प्रत्येकामागे खरे कारण असते, आणि मोहीम संपल्यावर तो काढण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. जाहिरातींवर संकेतस्थळाचा आणि तिथल्या माणसांचा चरितार्थ चालतो, त्यामुळे त्यांना सरसकट विरोध करणे बेजबाबदारपणाचे आहे. त्यापेक्षा पानावरच्या एकूण स्क्रिप्टची एक कमाल मर्यादा सर्व विभागांनी मिळून ठरवावी, नवा टॅग आणणाऱ्याने जुना कोणता जाणार हे सांगावे, आणि जाहिरातींची जागा आधीच राखून ठेवावी म्हणजे त्या उशिरा आल्या तरी मजकूर खाली ढकलला जात नाही. सगळ्या तांत्रिक युक्त्यांपेक्षा या एका शिस्तीने अधिक फरक पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

एकदा आणलेली वस्तू जपून ठेवण्याच्या व्यवस्थेला कॅशे म्हणतात. एखादा लोकप्रिय टंक एका संकेतस्थळासाठी आणला की तोच दुसऱ्याला फुकट मिळतो, या हिशेबावर अनेक वर्षे पाने बांधली गेली; पण वस्तू किती लवकर मिळाली यावरून वाचकाने आधी कोणती संकेतस्थळे पाहिली हे ताडता येते, म्हणून सफारीने आधी, क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ही भांडारे संकेतस्थळागणिक वेगळी केली. वाचकाच्या खासगीपणासाठी हे योग्यच झाले, मात्र परक्या सर्व्हरवरच्या टंकाचे उरलेसुरले समर्थनही त्याबरोबर संपले. बातम्या वाचणारा माणूस लेख वाचून वरचेवर मागे जातो. तेव्हा आधीचे पान जसेच्या तसे स्मृतीतून परत देण्याची सोय फायरफॉक्समध्ये २००५ पासून आहे आणि इतरांनीही ती स्वीकारली आहे. पान सोडताना चालणारी एखादी जुनाट स्क्रिप्ट ती सोय बंद पाडू शकते आणि तशी स्क्रिप्ट बहुधा कोणत्या तरी विसरलेल्या टॅगमध्ये दडलेली असते.

प्रवासातल्या वाचकासाठी अलीकडे झालेला बदल मोठा आहे. एचटीटीपी २ एकाच टीसीपी जोडणीवर चालतो, त्यामुळे एक पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत सगळ्या वस्तू अडतात. क्विक नावाच्या नव्या वाहतूक संकेतावर उभा असलेला एचटीटीपी ३ जून २०२२ मध्ये प्रमाणित झाला. त्यात हरवलेल्या पाकिटाचा फटका फक्त त्याच वस्तूला बसतो, जोडणीची आणि गुप्ततेची बोलणी एकत्रच उरकतात, आणि घरातल्या वायफायवरून मोबाइलच्या जाळ्यावर गेल्यानंतरही जोडणी तुटत नाही. एसटीने घाट उतरणाऱ्या वाचकाला याचा लाभ काहीही न बदलता मिळतो. सर्व्हर चालवणाऱ्याने तो संकेत चालू केलेला असला म्हणजे झाले.

मोजमापाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गूगलने २०२० मध्ये जे निकष पुढे आणले, त्यांनुसार पानातला सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि २०२४ पासून लागू झालेल्या निकषानुसार बोटाच्या स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत उत्तर मिळावे. आणि हे सरासरी वाचकासाठी नव्हे तर शंभरातल्या पंचाहत्तर भेटींसाठी खरे ठरावे. या निकषांनी वेगाचा प्रश्न व्यवस्थापकांच्या टेबलावर आणला, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. तथापि प्रयोगशाळेत काढलेले गुण आणि वाचकाच्या हातातला अनुभव यांत अंतर राहते, आणि गुणांमागे धावताना ते अंतर विसरले जाते. त्यातही शंभरातल्या ज्या पंचवीस भेटी निकषाबाहेर राहतात, त्यांत जुना फोन आणि क्षीण सिग्नल असलेला वाचकच अधिक असतो. सरासरी सुधारली म्हणून त्याचे पान सुधारलेले नसते, आणि तो तक्रार करत नाही; तो पान मिटून निघून जातो.

मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे की, एक साधा, दोन-तीन वर्षे वापरलेला फोन कार्यालयात ठेवावा, त्यात कार्यालयाचे वायफाय जोडू नये आणि पानात कोणताही बदल करण्यापूर्वी व केल्यानंतर संपादकाने, जाहिरात प्रमुखाने आणि तंत्रज्ञाने मिळून त्यावर आपलेच पान उघडून पाहावे. लेखाचा पहिला परिच्छेद जाहिरात, टंक किंवा टॅग यांपैकी कशासाठी थांबलेला दिसला, तर ती गोष्ट त्याच्या मागे टाकावी.